नापासकाका

नापासकाका कुठल्याही वस्तूला हात लावण्याआधी चष्मा लावायचे. नेहमीचा वाचायचा नव्हे, तपासायचा. तो जाड भिंगांचा चष्मा एका पत्र्याच्या डबीत असे आणि त्याची एक काडी तांब्याच्या तारेने बांधलेली होती. डबी उघडल्याचा ‘टक्’ असा आवाज आला की समजायचं, आता समोरच्या वस्तूची खैर नाही. मग ती कोणाच्या घरच्या कुकरची शिट्टी असो, पार्किंगमधल्या गाडीचं टायर असो, नाहीतर टेक्ससमधल्या आमच्या अर्विंगच्या भारतीय किराणा दुकानातली भेंडी असो.

भेंडीचं टोक मोडून, उजेडात धरून ते भर दुकानात मोठ्याने निकाल द्यायचे, “नापास!” गल्ल्यावरची बाई दचकायची. सूनबाई, म्हणजे स्मिता, ट्रॉली घेऊन दुसऱ्या रांगेत पळायची. आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समधल्या मुलांनीच त्यांना हे नाव दिलं. संध्याकाळी ती मुलं सायकली, रोलर स्केट्स, तुटलेले रोबो घेऊन त्यांच्यापुढे रांग लावायची आणि विचारायची, “काका, पास ऑर फेल?” काका चष्मा लावायचे, चाक फिरवायचे, कान लावून ऐकायचे. “ब्रेक नापास. उद्या आण. तोवर बसायचं नाही.” मुलं ऐकायची. आईबापांचं न ऐकणारी मुलं त्यांचं ऐकायची.

काका भुसावळकडचे. तिथल्या एका दारूगोळ्याच्या कारखान्यात चौतीस वर्षं तपासनीस होते. बायको गेल्यावर मुलाने, अतुलने, ग्रीन कार्ड करून त्यांना टेक्ससला आणलं. अतुल माझा ऑफिसातला मित्र आणि वरच्या मजल्यावरचा शेजारी. काका आले ते दोन हजार चारच्या आसपास. स्वतःबद्दल ते एकच गोष्ट अभिमानाने सांगत, तीही कोणी विचारली तरच. “माझ्या हातून पास होऊन गेलेला पीस कधी परत आला नाही भो.” हे सांगताना आवाज चढत नसे. उंची किंवा जन्मगाव सांगावं तसं सांगायचे.

तुमच्यापैकी काहींनी त्यांना पाहिलं असेल. आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरतीच्या आधी विजेच्या माळांच्या वायरी तपासत फिरणारे ते हेच. त्यांच्याबद्दल मी लिहितोय याचं काहींना बरं वाटेल. मला मात्र हे लिहिताना बरं वाटत नाही, आणि का वाटत नाही तेच सांगायचं आहे.

न्यूयॉर्कचे ते टॉवर पडल्यानंतरची ती वर्षं. पेट्रोल भरताना एकदा एका ट्रकवाल्याने माझ्याकडे बघून शिवी हासडली होती. पुढे आमच्या खालच्या मजल्यावर घरफोडी झाली. माझी बायको वैदेही दिवसभर लहान मुलीला घेऊन घरी एकटी. ऑफिसातले सगळे टेक्सन सहकारी बंदुकीबद्दल लॉन कापायच्या मशीनसारखं बोलायचे. ग्रीन कार्ड हातात आल्यावर मीही एक पिस्तूल घेतलं. सेलमध्ये होतं. दुकानात काचेखाली जेवढी होती त्यांतलं सगळ्यांत स्वस्त.

ते अडकायचं. रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या सरावाच्या जागी, तिसरी-चौथी गोळी झाडली की पुढची गोळी वर चढताना तिरकी व्हायची आणि सगळं ठप्प. मी इंटरनेटवर रात्रंदिवस वाचलं. कोणी म्हणे स्प्रिंग बदल, कोणी म्हणे फेकून दे. मला वाटलं, हाच पीस खराब निघाला असणार. म्हणून शनिवारी भरणाऱ्या बंदुकांच्या बाजारातून त्याच कंपनीचं, तेच मॉडेल, जुनं, आणखी स्वस्तात घेतलं. ते मात्र लोण्यासारखं चालायचं. एकदाही अडकलं नाही.

एका अडकणाऱ्या वस्तूवर उपाय म्हणून तशीच दुसरी आणली हे ऐकून काका पोट धरून हसले. “एक बायको भांडते म्हणून तिचीच बहीण करून आणलीस होय रे?” वैदेही आतून म्हणाली, “काका, मी ऐकतेय हं.” मग काकांनी खिशातून डबी काढली. टक्.

पुढचे चार-पाच शनिवार आम्ही दोघं रेंजवर गेलो. काका स्वतः कधी गोळी झाडत नसत. कानांवर आवाज अडवणारी जाड झाकणं लावून, हातात मुलांची दोनशे पानी वही घेऊन मागच्या बाकावर बसायचे. पहिल्याच दिवशी मी धडाधड चारपाच उपाय एकदम करायला निघालो. नवी स्प्रिंग, वेगळ्या गोळ्या, नवं तेल. त्यांनी हात धरला. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार बदलल्यास आणि चाललं, तर कशामुळे चाललं ते तुला कधी कळायचं नाही.” त्यांनी दोन्ही पिस्तुलांची मॅगझिनं, म्हणजे मुठीत सरकवायचे गोळ्यांचे पत्र्याचे खण, आपसांत बदलायला लावली. गोळ्या त्याच, हात तोच, फक्त मॅगझिन बदललं. रोग मॅगझिनबरोबर दुसऱ्या पिस्तुलात गेला. तेही अडकायला लागलं. काकांनी मॅगझिनचं तोंड उजेडात धरलं. पत्र्याचे दोन ओठ एकसारखे नव्हते, एक किंचित उघडला होता. “हा बघ, एका बाजूने हसतोय.”

नवं मॅगझिन आणलं तरी अधूनमधून पहिलं अडकायचंच. तेव्हा त्यांनी पिस्तूल सोडून माझ्याकडे बघायला सुरुवात केली. शेवटी रेंजवरच्या म्हाताऱ्या टेक्सन रखवालदाराला खुणेने बोलावून झाडायला लावलं. त्याच्या हातात एकदाही अडकलं नाही. काका मला म्हणाले, “पिस्तुलाला काही झालं नाहीये. तुझं मनगट ढिलं आहे. धक्का तूच खाऊन टाकतोस, मग त्याला मागे जायला जोर कुठून येणार? दुसरं वापरून सैल झालंय, ते तेवढ्यावरही चालतं.” त्या रखवालदाराला काय कळलं कोण जाणे, पण तेव्हापासून तो काकांना ‘इन्स्पेक्टर’ म्हणायचा आणि त्यांच्यासाठी बाकावर गादी टाकून ठेवायचा.

मला वाटलं, झालं काम. एक दुरुस्त झालं, दुसरं आधीपासून उत्तम. काका म्हणाले, “चालतं म्हणजे पास नाही. पडल्यावर काय करतं ते बघायचंय.”

ते त्यांनी तळमजल्यावरच्या आमच्या गॅरेजमध्ये बघितलं. दोन्ही पिस्तुलं रिकामी केली, तीनतीनदा बघून खात्री केली, गोळ्यांची खोकी घरात पाठवून दिली. मग माझ्या मुलीची पिवळी पेन्सिल घेतली आणि खोडरबराची बाजू आत करून नळीत सोडली. सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारा खटका, लावला. पिस्तूल उभं धरून मागून रबरी हातोडीने हलके ठोके द्यायला लागले. गोळी पेटवणारी आतली पिन जागची हलली नाही तर पेन्सिल गप्प राहील, हलली तर पेन्सिल उडेल. पहिल्याची पेन्सिल दहा ठोक्यांत हलली नाही. दुसऱ्याची, माझ्या त्या लोण्यासारख्या चालणाऱ्याची, तिसऱ्या ठोक्याला टुणकन वीतभर उडाली आणि कपड्यांच्या ड्रायरवर जाऊन पडली.

माझी मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, “अगेन! अगेन!” काकांनी पुन्हा केलं. पुन्हा उडाली. ते हसले नाहीत.

“बघ सुहास,” चष्मा न काढता ते म्हणाले, “अडकतं ते वाईट नाही. अडकतं ते सांगतं तरी. हे गुपचूप बसलंय, आणि एक दिवस कोणाचा तरी जीव घेईल.”

त्यांनी मास्किंग टेपचा एक तुकडा तोडला, त्यावर बॉलपेनने मराठीत लिहिलं ‘नापास’, खाली बारीक सही केली आणि पिस्तुलाच्या मुठीवर चिकटवला. कारखान्यातली त्यांची रीत होती. नापास पीसवर चिठ्ठी लावायची आणि शिफ्ट संपायच्या आत त्याचे तुकडे करायचे, कारण अख्खा नापास पीस हा कधी ना कधी चांगल्यांत मिसळतोच. “विकायचं नाही, कोणाला द्यायचं नाही, दुरुस्तीच्या भानगडीत पडायचं नाही. करवतीने तुकडे कर. आज.”

“हो काका,” मी म्हणालो.

त्याच आठवड्यात नवरात्र बसलं. खंडेनवमीला वैदेहीने पाटावर लाल कापड घालून माझा लॅपटॉप, ड्रिल, गाडीची किल्ली आणि दोन्ही पिस्तुलं मांडली. शस्त्रं म्हणून खरी शस्त्रं पूजेला आली याचं तिला अप्रूप वाटत होतं. एकावर टेपचा तुकडा, त्याच्या शेजारी हळदकुंकू आणि झेंडू. फोटो काढून नागपूरला सासरी आणि पुण्याला माहेरी पाठवले. मी करवत काढली तेव्हा ती म्हणाली, “पूजा केलेली वस्तू लगेच तोडायची? कसंतरीच वाटतं. दिवाळी होऊन जाऊ दे ना.” मला ते पटलं. खरं सांगायचं तर मला पटायचंच होतं. इतकं छान चालणारं पिस्तूल एका म्हाताऱ्याच्या पेन्सिलीपायी तोडायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दसऱ्याला आपट्याच्या पानांऐवजी कागदाची पानं घेऊन काका खाली आले. “तुकडे केलेस ना?” त्यांनी विचारलं. दारात आणखी माणसं होती, हातात श्रीखंडाची वाटी होती.

“हो काका, केले.”

इतकं सोपं होतं ते. काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि श्रीखंडाची वाटी उजेडात धरून म्हणाले, “वेलची पास.”

विलास माझा जुना सहकारी. नागपूरचा. मंदीत त्याची नोकरी गेली, नंतर मिळालीच नाही, तेव्हा त्याने एका गॅस स्टेशनचं दुकान चालवायला घेतलं. कॉफी, सिगारेटी, लॉटरीची तिकिटं. दिवाळीनंतर त्याच्या शेजारच्या दुकानावर दरोडा पडला आणि तो माझ्याकडे आला.

“तुयाकडं दोन आहेत म्हणते. एक दे ना बे. मी टेन्शनमध्ये जगून राहिलो यार.”

“एक अडकतं,” मी म्हणालो.

“मंग न अडकणारं दे. चोर का थांबणार आहे काय, अडकलं म्हणून?”

मी त्याला सोफ्यावर बसवून गॅरेजमध्ये गेलो. पाटावरून उतरवलेली दोन्ही पिस्तुलं एका फडताळात होती. मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, आणि तीच माझी शिक्षा आहे. मी विचार केला, त्याला न अडकणारं हवं आहे. दुकानात ते ठेवलेलंच राहणार आहे, कोण पाडतंय? आणि पास झालेलं, खात्रीचं, ते माझ्या बायकोमुलीच्या घरात राहायला हवं. हा शेवटचा विचार मी शब्दांत केला नाही. पण हात त्याच विचाराने चालले.

विलासला मराठी वाचता येत होतं. म्हणून मी तो टेपचा तुकडा सोलून काढला. मुठीवर डिंकाचा चिकट चौकोन राहिला, तो तेलाच्या फडक्याने पुसला. तुकडा चोळामोळा करून फेकायला गेलो, पण काकांची ती बारीक सही दिसली आणि फेकवेना. मी तो हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून टाकला. मग बाहेर येऊन विलासला म्हणालो, “हे घे. एकदम स्मूथ आहे.”

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळी दुकान उघडल्यावर, विलासने काउंटरखालून कॉफीच्या कपांचं खोकं ओढलं. मागे ठेवलेलं पिस्तूल त्याबरोबर फरशीवर आपटलं. सेफ्टी लावलेली होती. गोळी त्याच्या डाव्या गुडघ्यातून गेली.

मी हॉस्पिटलात गेलो तेव्हा तो शुद्धीवर होता. मला बघून त्याने माझाच हात धरला. “मीच पाडली बे. मायीच चूक. तू काऊन रडून राहिला?” पोलिसांनाही त्याने तेच सांगितलं. पिस्तूल ते घेऊन गेले. पाय वाचला, पण गुडघा वळायचा बंद झाला.

अशी बातमी आपल्यात लपत नाही. हळदीकुंकवाला सगळ्यांच्या तोंडी तीच. दुसऱ्या दिवशी काका जिना उतरून आले. स्वेटर उलटा घातलेला होता.

“विलासला तू दिलंस?”

“हो.”

“कुठलं?”

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. फक्त भीती होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती.

“पहिलं,” मी म्हणालो. “तुम्ही पास केलेलं. दुसऱ्याचे तर मी तेव्हाच तुकडे केले.”

काका तिथेच, चपलांच्या स्टँडवर बसले. म्हणाले, “दहा ठोके दिले होते मी. वीस द्यायला हवे होते.” मग उठताना सवयीने म्हणाले, “तुकडे ठेवलेत का? उद्या बघतो. नापास पीसचे तुकडे बघायचे असतात.”

दुसरा दिवस रविवार होता. सकाळी मी गॅरेजचं दार लावून घेतलं आणि काकांनी पास केलेलं, निर्दोष, ढिल्या मनगटाच्या माणसाच्या हातात फक्त अडकणारं ते पहिलं पिस्तूल शिकंज्यात धरून कापायला लागलो. स्वस्त धातू, तरी दोन ब्लेडं मोडली. वैदेही दार ढकलून आत आली. कापलेल्या तुकड्याकडे बघत म्हणाली, “हे तर चांगलं ना?”

“आता सगळं सारखंच,” मी म्हणालो. ती दार ओढून निघून गेली. त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही, आणि न बोलणं आमच्या घरात त्या दिवसापासून राहायला आलं.

दुपारी काका आले. मी वर्तमानपत्रावर तुकडे मांडले होते. आता डबी उघडेल, टक् असा आवाज येईल, काका एक तुकडा उचलतील आणि सगळं संपेल, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे, थोडीशी आशाही होती. त्यांचा हात खिशाकडे गेला. मग माझ्याकडे बघून त्यांनी तो परत घेतला. उघड्या, पाणावलेल्या डोळ्यांनी त्या तुकड्यांवरून नुसती नजर फिरवली.

“नीट केलेस,” ते म्हणाले. “तू तुझं काम केलंस. मीच चुकलो.”

त्यानंतर ते काका राहिले नाहीत. भेंडीबद्दल स्मिताने मुद्दाम विचारलं तर म्हणायचे, “तूच बघ बाई, मला काही कळत नाही.” मुलं सायकली घेऊन आली, “काका, पास ऑर फेल?” काकांनी मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, “बाबांना विचारा.” दोनतीन संध्याकाळी मुलं आली, मग यायची थांबली. रेंजवरच्या म्हाताऱ्याने एकदा मला विचारलं, इन्स्पेक्टर कुठे आहेत? मी सांगितलं, तब्येत बरी नसते. अतुल मला लिफ्टमध्ये म्हणाला, “यार, बाबा गॅसचं बटण चारचारदा बघून येतात. झोपेतून उठून. डॉक्टरला दाखवू का?” मी म्हणालो, वय आहे, होतं असं. मी हे म्हणालो.

दर आठवड्याला काका विलासच्या घरी जायचे. त्याच्या बायकोला भाजी चिरून द्यायचे, त्याच्या पायाला तेल लावायचे. आपण तपासलेल्या पिस्तुलाने हे झालं असं त्यांनी त्याला हात जोडून सांगितलं होतं. विलासच मला एकदा म्हणाला, “काका बिचारे रडतेत बे माया पायाजवळ. मला कसंतरीच होते.” त्या वर्षीच्या उन्हाळ्यात काका भारतात परत गेले. विमानतळावर त्यांना सोडायला मी गेलो होतो. बॅगांचं वजन मी केलं. त्यांनी पट्टे ओढूनसुद्धा बघितले नाहीत.

दोन वर्षांनी ऑफिसच्या कामासाठी पुण्याला गेलो होतो, तिथून भुसावळ गाठलं. टेपचा तो तुकडा पाकिटात होता. काका गावाबाहेरच्या दोन खोल्यांत एकटे राहत होते. “बस भो,” म्हणाले आणि चहा ठेवायला उठले. चहा गाळून झाल्यावर गॅसचं बटण त्यांनी तीनदा बघितलं. त्यांचं तिसऱ्यांदा बघून होईपर्यंत मी थांबलो आणि मग बोलायला लागलो. दसऱ्यापासून, श्रीखंडाच्या वाटीपासून सगळं सांगितलं. शेवटी तो तुकडा चहाच्या बशीशेजारी ठेवला.

काका उठले. कपाट उघडून बराच वेळ शोधलं. पत्र्याची डबी सापडली. टक्.

त्यांनी तो तुकडा खिडकीजवळ नेऊन वाचला. उलटा करून बघितला. परत वाचला.

“अक्षर माझंच आहे.”

“हो काका.”

“विलासकडे हे होतं?”

“हो.”

“आणि मला दाखवलेस ते तुकडे?”

“पास केलेल्याचे.”

“म्हणजे चांगलं पिस्तूल तोडलंस.” हे ते जवळजवळ हळहळून म्हणाले, जणू सगळ्यांत त्या पिस्तुलाचंच नुकसान झालं होतं. मग खिडकीकडे वळले. “त्या दिवशी मी चष्मा लावला नव्हता.”

त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा सारखा केला.

“चौतीस वर्षं आणि त्यानंतरची सगळी. एकच पीस मी चष्मा न लावता पास केला. का, तर तू म्हणालास म्हणून.” मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “विलासला सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हाला…”

“आधी मला कशाला?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. “ज्याच्या पायातून गोळी गेली त्याचं घर तुझ्या घरापासून किती लांब? दहा मिनिटं? आणि तू विमानात बसून इकडे आलास. म्हातारा माफ करेल म्हणून आलास.” त्यांनी तो टेपचा तुकडा नीट घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला. “ही चिठ्ठी माझी आहे. ही इथेच राहील. तू जा. त्याच्यासमोर बसून सांग. फोनवर नाही.”

चहा तसाच राहिला. निघताना मी पाया पडलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि आशीर्वादही दिला नाही.

अर्विंगला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी विलासच्या समोर बसलो. तो ऐकत होता तेव्हा त्याचा तो न वळणारा पाय आमच्या दोघांच्या मधे स्टुलावर ताठ पसरलेला होता. माझं झाल्यावर तो म्हणाला, “दोन वर्षं मी पोरीले सांगून राहिलो का बाप बेसावध होता म्हणून असं झालं. तू समोर बसून ऐकून राहिला होता, बे.” मग म्हणाला, “काका माया पायाशी बसून रडले तवा तुले माहीत होतं?”

“हो.”

“जा आता. चहा नाही करत मी आज.”

मी संध्याकाळी भुसावळला फोन लावला. तिकडे सकाळ होती. काकांनी विचारलं, “सांगितलंस?”

“हो.”

“समोर बसून?”

“समोर बसून.”

“काय म्हणाला?”

“जा म्हणाला.”

“बरोबर आहे,” काका म्हणाले. “मग आता त्याच्या दारात जाऊन बसू नकोस. त्याला बोलवायचं असेल तेव्हा बोलवेल.” आणि फोन ठेवला.

विलासने अजून बोलावलेलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात दिसतो, काठी टेकत दुसऱ्या बाजूने जातो. मी वाट अडवत नाही. वैदेहीशी मात्र मी त्या रविवारबद्दल बोललो. ती म्हणाली, “मला त्याच दिवशी विचारायला हवं होतं,” आणि मग आम्ही दोघं फार वेळ गप्प बसलो, पण ते गप्प बसणं निराळं होतं.

काही महिन्यांनी अतुल लिफ्टमध्ये हसत सांगत होता, “बाबांचं डोकं परत ठिकाणावर आलंय यार. भाजीवाला फोन करून तक्रार करतो, तुमचे वडील अख्खी पाटी नापास करतात म्हणून.” मी पाचव्या मजल्यापर्यंत गेलो. मला दुसऱ्यावर उतरायचं होतं. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत काका गेले. अतुलने सामान आवरताना ती डबी सापडली म्हणून सांगितलं. “आत कसला तरी कागद आहे, तुला माहीत आहे का?” मी त्यालाही समोर बसवून सांगितलं. त्याने डबी मला दिली नाही, आणि मीही मागितली नाही.

हे सगळं मी लिहून टाकलं म्हणजे सुटलो असं समजू नका. काकांना ठाऊक होतं, सांगितल्याने पीस दुरुस्त होत नाही, फक्त त्याच्यावर चिठ्ठी लागते. अजूनही कोणी मला भला माणूस म्हणालं, घरी किल्ली ठेवून गेलं, मुलीला माझ्या भरवशावर सोडून गेलं, की मी मान डोलावतो. आणि मनात म्हणतो, अहो, आधी चष्मा तरी लावा.